बापाचं बघूनच शिकला?

सल्ला केंद्रात नवऱ्याला बोलावलं की सोबत आलेली आत्या किंवा काका एक वाक्य हमखास बोलतात, "काय करणार बाई, त्याचा बापही असाच होता." वाक्य खोटं नसतं. ज्यांचे वडील आईला मारत, अशा बायकांच्या वाट्याला नवऱ्याचा मारही जास्त येतो, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही दिसतं. अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानं तर बालपणीच्या अशा अनुभवांचा संबंध मोठेपणीच्या व्यसनांशी, नैराश्याशी, अगदी हृदयविकाराशीही दाखवून दिला.

तरी मला या वाक्याची धास्ती वाटते. बैठकीत ते कारण म्हणून येतं आणि बघता बघता माफीनामा होऊन बसतं. त्याच घरात त्याची बहीणही वाढली, तिनंही तेच पाहिलं. ती कुणावर हात उगारत नाही. ती सोसायला शिकली. कारण मुलांनी नुसती मारहाण पाहिलेली नसते. मारणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही, रडणारीलाच सगळे गप्प करतात, सकाळी बापाला नेहमीसारखा चहा मिळतो, हेही पाहिलेलं असतं. खरी शिकवण ती. (आणि हाच नवरा मुकादमावर कधी हात टाकत नाही!)

"मुलांसाठी राहते" म्हणणारीला दोष देण्याकरता हे लिहीत नाही. माहेर दार लावून घेतं, खोलीचं भाडं परवडत नाही. वर मुलांच्या मनाचं ओझंही तिनंच वाहायचं? अशी मुलं सावरतात ती बऱ्याचदा एखाद्या भरवशाच्या मोठ्या माणसाच्या आधारानं. आजी, शेजारीण, शाळेतल्या बाई.

हे माणूस आपल्या केंद्रांत का नसावं? १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं मुंबई पोलिसांसोबत विशेष कक्ष सुरू केला, तो महिला आणि मुलांसाठी. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यातही मुलांच्या ताब्याची तरतूद आहे. पण प्रत्यक्षात आईची हकिगत लिहून घेतली जाते आणि मूल शेजारच्या बाकावर बिस्किटं खात सगळं ऐकत राहतं. त्याला वेगळं बसवून "हे तुझ्यामुळे होत नाही" एवढं सांगायलाही तासभर लागतो, आणि कार्यकर्ती एकच असते.

तुमच्या गटात मुलांची वेगळी बैठक होत असेल तर ती कोण घेतं, कुठे घेतं, मुलं काय बोलतात, ते नावं न देता लिहून पाठवा. पुढच्या अंकात त्यासाठी चार पानं राखून ठेवली आहेत.