छायाचित्र खिशात पहिले कोणी आणले? हा प्रश्नच सोडून द्या

१/१९
"२००७ साली आयफोन आला आणि छायाचित्रे माणसाच्या खिशात आली." तंत्रज्ञानाच्या इतिहासावरील चित्रफितींत, लेखांत आणि सादरीकरणांत हे वाक्य इतक्या सहजतेने येते की त्याला कोणी पुरावा विचारीत नाही. या थ्रेडमध्ये तो विचारायचा आहे. विधान तथ्य म्हणून चुकीचे आहेच. पण त्याने केलेले खरे नुकसान निराळे आहे आणि ते आजही थांबलेले नाही.

२/१९
आधी तथ्य पाहू. सोनीचा क्लिए एनआर७० हा हातात मावणारा ऑर्गनायझर २००२ साली बाजारात आला. त्याचा पडदा रंगीत, ३२० × ४८० बिंदूंचा. जानेवारी २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी जगासमोर धरलेल्या पहिल्या आयफोनचा पडदाही ३२० × ४८० बिंदूंचाच. तिकडे १,५३,६०० बिंदू, इकडेही तेवढेच. मध्ये पाच वर्षांचे अंतर. शिवाय क्लिएबरोबर छायाचित्रे पाहण्याचा स्वतंत्र प्रोग्राम मिळत असे आणि 'व्ही' अक्षर जोडलेल्या आवृत्तीत कॅमेराही होता.

३/१९
ज्यांनी ही यंत्रे पाहिलेली नाहीत त्यांच्यासाठी : आपल्याकडे नव्वदच्या दशकात जिला 'डिजिटल डायरी' म्हणत, तिचीच ही पुढची पिढी. पत्ते, भेटीच्या वेळा, कामांची यादी आणि टिपणे ठेवणारा, स्टायलसने चालणारा खिशातला संगणक. 'पर्सनल डिजिटल असिस्टंट' हे नाव ॲपलच्या जॉन स्कली यांनी १९९२ साली रूढ केले. ॲपलचा न्यूटन १९९३ साली आला आणि १९९८ साली बंद पडला. हा प्रकार खऱ्या अर्थाने लोकांच्या हाती दिला तो मार्च १९९६ मध्ये आलेल्या पाम पायलटने.

४/१९
पायलटच्या घडणीत छायाचित्राला जागाच नव्हती. १६० × १६० बिंदूंचा एकरंगी पडदा, दोन बारीक एएए सेल, आणि स्मृती १२८ किंवा ५१२ किलोबाइट. यंत्राचे जनक जेफ हॉकिन्स आकार ठरवताना खिशात लाकडाचा ठोकळा घेऊन वावरत, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. त्यांचा आग्रह होता कमीत कमी कामे आणि ती झटपट. पुढच्या बाजूला चार कामांची चार बटणे : दिनदर्शिका, पत्ते, कामे, टिपणे. छायाचित्रासाठी पाचवे बटण नव्हते.

५/१९
तरीही छायाचित्र आत शिरले, आणि ते मागच्या दाराने. निर्मात्यांनी ज्याची कल्पना केली नव्हती ते वापरणाऱ्यांनी मागितले आणि लहान लहान प्रोग्रामकारांनी पुरवले. अल्बम टू गो, फायरव्ह्यूअर, स्प्लॅशफोटो ही त्यांतली काही नावे. प्रथम केवळ काळे-पांढरे ठिपके, मग राखाडीच्या चार छटा, मग सोळा. यंत्राचा हेतू यंत्र बनवणारा एकटा ठरवीत नाही, हे सांगायला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

६/१९
आता थोडे गणित करू, कारण सारा मुद्दा त्यातच आहे. २००० सालच्या २ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचे चित्र १६०० × १२०० बिंदूंचे, म्हणजे १९,२०,००० बिंदू. पामच्या पडद्यावर ते पूर्ण मावायचे तर १६० × १२० करावे लागे, म्हणजे १९,२००. दर शंभर बिंदूंतला एक उरे, नव्याण्णव जात. चेहरा ओळखू येई. पाठीमागच्या दुकानाची पाटी वाचता येत नसे.

७/१९
ही काटछाट संगणकावर होत असे. कॅमेऱ्यातून चित्र संगणकात घ्यायचे, प्रोग्राममध्ये ते ओढायचे, हवा तो भाग कापायचा, छटा कमी करायच्या. मग ऑर्गनायझर त्याच्या क्रेडलमध्ये उभा करून 'हॉटसिंक'चे बटण दाबायचे. चित्र आत जाई, पण पत्ते आणि टिपणे यांच्याशी जागेसाठी भांडून. रंगीत पडद्याच्या पाम थ्रीसीमध्ये स्मृती ८ मेगाबाइट. पडदाभर एक चित्र २५६ रंगांत साठवायला, ते आवळून लहान केले नाही तर, २५,६०० बाइट लागत. यंत्रात दुसरे काहीच ठेवले नाही असे धरले तरी तीनशेच्या आसपास चित्रे. प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी.

८/१९
म्हणून या यंत्रावर छायाचित्र पाहणे ही आजच्यासारखी निष्काळजी क्रिया नव्हती. आज फोनमध्ये हजारो चित्रे आपोआप साठतात. त्यातले कोणते आपल्याला मोलाचे वाटते, हे आपण कधी ठरवलेलेच नसते. ऑर्गनायझर बाळगणाऱ्याला मात्र ते ठरवावेच लागे. कोणाचा चेहरा बरोबर न्यायचा, चौकटीतून कोणाला कापायचे, नवे चित्र घेताना जुने कोणते पुसायचे. निवडणे, लहान करणे आणि बरोबर बाळगणे : ही एक स्वतंत्र प्रथा होती.

९/१९
तिचे पूर्वज शोधायचे तर मागे जावे लागेल. पॅरिसचे छायाचित्रकार दिस्देरी यांनी १८५४ साली 'कार्ट द व्हिजिट' या भेटकार्डाएवढ्या छायाचित्राचे पेटंट घेतले. चित्र लहान केल्यामुळे ते स्वस्त झाले, हातोहात फिरले, युरोपभर घरोघरी त्याचे अल्बम भरले. त्या इवल्या कार्डांना कलेचा इतिहास लिहिणाऱ्यांनीही पुढे गांभीर्याने घेतले. जेमतेम सहा सेंटिमीटरच्या पडद्यावरच्या चित्राला मात्र 'दर्जा काय तो!' म्हणून हसणे, ही दुटप्पी मोजपट्टी झाली.

१०/१९
मागच्या दाराने आलेला पाहुणा पुढच्या पाच वर्षांत घरमालक झाला. १९९९ मध्ये कॅसिओचा कॅसिओपिया ई-१०० हा ६५,५३६ रंगांचा पडदा घेऊन आला. फेब्रुवारी २००० मध्ये पाम थ्रीसी हा पामचा पहिला रंगीत ऑर्गनायझर. त्याच वर्षी कॉम्पॅकचा आयपॅक, पामला खालून जोडायचा कोडॅकचा पामपिक्स कॅमेरा आणि हँडस्प्रिंगच्या व्हायझरच्या खाचेत बसणारा आयमॉड्यूल कॅमेरा. एप्रिल २००३ मधल्या झायर ७१ मध्ये पामने कॅमेरा यंत्रातच बसवला. पाठीमागचे आवरण सरकवले की भिंग उघडे होई.

११/१९
चित्र दुसऱ्याला देण्याची रीतही निराळी होती. १९९८ च्या पाम थ्रीपासून यंत्राच्या माथ्यावर इन्फ्रारेडची खिडकी आली. दोन यंत्रे समोरासमोर धरायची आणि 'बीम' करायचे. मध्ये ना फोन कंपनी, ना सर्व्हर, ना खाते. देणारा आणि घेणारा एकमेकांपासून हातभर अंतरावर उभे असल्याशिवाय देवघेव शक्य नव्हती, आणि या व्यवहाराची नोंद कोणत्याही कंपनीकडे राहात नसे. छायाचित्रांच्या देवघेवीचा इतिहास फेसबुकपासून सुरू करणाऱ्यांनी याचा विचार करावा.

१२/१९
आता आक्षेप घेऊ. पहिला : "हे मूठभर श्रीमंतांचे खेळणे होते." पैशाचा मुद्दा खरा आहे. पायलट १००० ची किंमत २९९ डॉलर होती, थ्रीसीची ४४९. पण पहिला आयफोनही ४९९ आणि ५९९ डॉलरलाच मिळत होता, आणि त्याला कोणी इतिहासाबाहेर काढीत नाही. शिवाय वापरणारे थोडे होते म्हणून प्रथा नोंदवायची नाही असा नियम केला, तर दरबारी पत्रव्यवहारही बाद करावा लागेल. साक्षर तरी तेव्हा किती होते?

१३/१९
दुसरा आक्षेप आपल्याच बाजूने येतो आणि तो टाळ्या मिळवतो : "हे सारे भारताने आधीच केले होते, सिम्प्युटर आठवा!" जरूर आठवा. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि एन्कोरमधील अभियंते यांनी घडवलेला, लिनक्सवर चालणारा सिम्प्युटर हा मोठाच प्रयत्न होता. २००४ साली विक्रीला आलेल्या 'अमिडा' आवृत्तीत हालचाल ओळखणारा संवेदकही होता. परंतु 'आयफोन पहिला' याच्या जागी 'सिम्प्युटर पहिला' लिहिल्याने इतिहास सुधारत नाही. फक्त हार दुसऱ्याच्या गळ्यात पडतो. सिम्प्युटरचा खरा प्रश्न गावात एकच यंत्र अनेकांनी कसे वापरावे हा होता. 'पहिले कोण' या शर्यतीत नेमका तोच प्रश्न हरवतो.

१४/१९
आयफोनचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. स्टायलस गेला, बोटांच्या चिमटीने चित्र मोठे करता येऊ लागले, कॅमेरा, पडदा आणि इंटरनेट एका कवचात आले. याही वाटेवर जपानचे कॅमेरा-फोन आधीच चालत होते; शार्पचा जे-एसएच०४ नोव्हेंबर २००० चा आहे. माझा आक्षेप श्रेयाला नाही. त्यामागच्या काळाला 'पूर्वतयारी' हे एकच नाव देऊन गुंडाळून ठेवण्याला आहे.

१५/१९
कारण 'पूर्वतयारी' हा शब्द निरुपद्रवी नाही. एखाद्या काळाला पूर्वतयारी म्हटले की त्याची साधने जपण्याची गरज वाटेनाशी होते. कोणी म्हणते, "अपयशी यंत्र होते." सोनीने २००४ मध्ये जपानबाहेर क्लिए थांबवला, पुढच्या वर्षी जपानमध्येही, म्हणून काय? बाजारात हरणे आणि इतिहासात नगण्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विजेत्याच्या जाहिरातीला कालक्रम मानणे हे इतिहास लेखन नव्हे, ती जाहिरातीचीच लांबलेली आवृत्ती आहे.

१६/१९
आणि इथे साधनेच विलक्षण नाजूक आहेत. पामच्या या यंत्रांत माहिती साठे ती वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या स्मृतीत. सेल बदलायलाही जेमतेम मिनिटभराची सवड. यंत्र महिनोन् महिने कपाटात पडून राहिले की आतले सगळे पुसले जाई. वीज गेली तरी टिकणारी स्मृती पामने आणली ती २००४ च्या टंगस्टन टी५ मध्ये. त्याआधीच्या यंत्रातली चित्रे आज उरली असतील तर ती मेमरी कार्डावर, नाही तर हॉटसिंकने संगणकावर केलेल्या प्रतीत.

१७/१९
ती प्रत सापडली तरी उघडेल असे नाही. पामवर माहिती 'पीडीबी' या नोंदवजा रचनेत असे आणि एका नोंदीत ६४ किलोबाइटांहून अधिक मावत नसे. मोठे चित्र तुकडे करून ठेवावे लागे, आणि प्रोग्रामागणिक तऱ्हा वेगळी. जाणकार नसेल तर हा दप्तरातल्या मोडी कागदासारखाच प्रकार : समोर आहे, पण वाचणारा नाही. राजवाड्यांनी १८९८ साली साधनांचा पहिला खंड काढला तेव्हा लोक ज्याला रद्दी समजत होते तेच आपले साधन झाले. रद्दीची व्याख्या दर पिढीत बदलते, पण ती फेकण्याची घाई मात्र तशीच राहते.

१८/१९
काही काम झाले आहे. इंटरनेट आर्काइव्हने २०२२ साली पामच्या जुन्या प्रोग्रामांचा संग्रह ब्राउझरमध्येच चालेल अशा रूपात खुला केला. स्तुत्यच आहे. पण ती रिकामी भांडी झाली. त्यांत काय शिजत होते ते भांड्यांवरून कळत नाही. मूळ मोठी छायाचित्रे एखाद्या सीडीवर उरलीही असतील. न उरणारी गोष्ट आहे ती निवड : शेकडो चित्रांतून कोणती वीस एका माणसाने खिशात ठेवली, आणि ती कशी कापली. मला विचाराल तर त्या काळच्या खासगी जीवनाचे तेच अस्सल साधन आहे.

१९/१९
म्हणून 'पहिला कोण' ही शर्यत सोडा आणि हे करा. २००० च्या आगेमागे परदेशी नोकरीला गेलेला काका, मावशी, शेजारी कोणी असेल तर त्यांच्या जुन्या संगणकात 'पाम' नावाचा फोल्डर आहे का विचारा. खणात मेमरी स्टिक आहे का पाहा. पीडीबी फाइल दिसली तर नाव न बदलता, न उघडता आधी तिची प्रत करा. आणि माणूस हयात आहे तोवर त्याला विचारा : कोणाचे चित्र घेतले होते बरोबर, आणि जागा कमी पडली तेव्हा पहिल्यांदा कोणाचे पुसलेत? या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही कंपनीच्या सादरीकरणात सापडणार नाही.