विश्लेषण : अमेरिकेत कमोड, बाथटबचे ट्रकभाडे ‘रिकाम्या जागे’वर का ठरते?

अमेरिकेत ट्रकने जाणाऱ्या मालाच्या वर्गीकरणाचे नियम १९ जुलै २०२५ पासून बदलले. दोन हजारांहून अधिक नोंदींत फेरबदल झाले. वस्तू कोणती, यापेक्षा ती वजनाच्या मानाने किती जागा अडवते, याला अधिक महत्त्व आले. तेथे सॅनिटरीवेअर पाठवणाऱ्या भारतीय निर्यातदारांसाठीही हा हिशेब समजून घेण्याजोगा आहे.

फ्रेट क्लास म्हणजे काय?

एका ट्रकमध्ये अनेकांचा माल जातो, तेव्हा त्याला ‘एलटीएल’ म्हणतात. आपल्याकडचा पार्ट लोडच. अशा मालाला ५० ते ५०० दरम्यानचा क्लास मिळतो. आकडा जितका मोठा, तितके भाडे साधारणपणे जास्त. घनता, हाताळणी, ट्रकमध्ये रचण्याची सोय आणि नुकसानीची जोखीम हे चार निकष आहेत. ‘एनएमएफटीए’ ही संघटना हे वर्गीकरण ठरवते.

हिशेब कसा होतो?

ज्या मालाला निव्वळ घनतेचा निकष लागतो, त्यासाठी आता १३ टप्पे आहेत. समजा, पॅकिंगसह ८० पौंडांचा अ‍ॅक्रिलिक बाथटब ६० बाय ३२ बाय २४ इंच जागा घेतो. म्हणजे सुमारे २६.७ घनफूट. घनता ३ पौंड, क्लास २५०. असेच चार टब एकात एक बसवून एकूण उंची ४४ इंचांवर आणली, तर घनता साडेसहा पौंडांवर जाते आणि क्लास १२५ होतो. टब तेच, वजन तेच. कमी झाली ती फक्त हवा.

मग खोका लहानच करावा का?

इथेच खरी अडचण आहे. चिनी मातीचे कमोड आणि बेसिन जड, पण ठिसूळ असतात. जागा वाचवण्यासाठी आतला आधार काढला, तर भाड्यात वाचलेले पैसे फुटतुटीत जातात. त्यामुळे जाड खोका, कोपऱ्यांना संरक्षण, भांडे आत हलू नये असा आधार, फ्लश टँक वेगळा आणि खोके पॅलेटच्या कडेबाहेर न येणारे, अशी बांधणी हवी. खोका उघडल्यावरच दिसणारी तूटफूट माल मिळाल्यापासून पाच कामकाजाच्या दिवसांत कळवावी लागते. उशीर झाल्यास नुकसान वाहतुकीतच झाले, हे ग्राहकाला सिद्ध करावे लागते.

भारतीय निर्यातदारांशी संबंध काय?

गुजरातमधील मोरबी हे सिरॅमिक उद्योगाचे मोठे केंद्र. जहाजाने जाणाऱ्या सिरॅमिक सॅनिटरीवेअरला सीमाशुल्कासाठी ६९१०, तर प्लास्टिकच्या टबला ३९२२ हा एचएस कोड लागतो. फ्रेट क्लासशी त्याचा संबंध नाही. कंटेनर रिकामा होऊन माल पॅलेटवर, पार्ट लोडने पुढे निघाला की क्लासचा प्रश्न येतो. कागदावरचे माप चुकले, तर वाहतूक कंपनी पुन्हा मोजून फरक वसूल करते. त्यामुळे तेथील भाड्याचा हिशेब इथल्या कारखान्यात खोक्याचे माप ठरवतानाच करावा लागेल.