प्रश्नावलीतला राहिलेला रकाना



वाळवा तालुक्यातल्या महिला सरपंचांची पाहणी या अंकात छापायचे ठरले होते. ती छापलेली नाही. प्रश्नावली मीच तयार केलेली, तेव्हा त्याचे कारणही मीच सांगायला हवे.

प्रश्न साधे होते. ग्रामसभेत स्वतः बोलता का, बैठकीत शेजारी कोण बसते, सही करण्याआधी कुणाला विचारता. आष्ट्याच्या बैठकीत मी निष्कर्ष वाचत होते : बहुतेक ठिकाणी कारभार नवऱ्याच्या किंवा दिराच्या हाती. तेवढ्यात एक सरपंचबाई म्हणाल्या, "ताई, माझ्या आधी पुरुष सरपंच होता. गटाच्या पुढाऱ्याला विचारल्याबिगर गटारीचा ठरावसुद्धा मांडत नव्हता. त्याला दिला होता का तुम्ही हा फॉर्म?"

नव्हता दिला. आमच्यापैकी कुणाला ते सुचलेही नव्हते, आणि मला याची जास्त लाज वाटते. एमएसडब्ल्यूला संशोधन पद्धतीचा पेपर मी चांगल्या मार्कांनी पास झाले होते!

तुलनात्मक राजकारण म्हटले की आपल्याला वाटते, देशोदेशींच्या संसदांची माहिती शेजारीशेजारी मांडायची. खरे तर तो विचार करण्याचा एक रिवाज आहे. जॉन स्टुअर्ट मिलने 1843 मध्येच त्याची मांडणी केली : बाकी सारे सारखे आणि एकच गोष्ट वेगळी अशी दोन उदाहरणे घ्या, म्हणजे परिणामातला फरक कशामुळे पडला ते कळेल. आम्ही एकच बाजू मोजली आणि निष्कर्ष मात्र दोन्ही बाजूंचा काढला.

दुसरी चूक शब्दाची. 'नामधारी' म्हणजे कोण? नवऱ्याला विचारणारी बाई नामधारी, आणि कारखान्याच्या गटाला विचारणारा पुरुष मुरब्बी? जोवानी सार्तोरीने 1970 मध्ये बजावले होते की संकल्पना ताणत नेली की ती कशालाही लागू पडते आणि काहीच सांगत नाही. आम्ही ती ताणलीही, आणि फक्त बायकांपुरती ताणली.

नीट तुलना केली तर काय दिसते? रघबेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांचा 2004 चा अभ्यास पाहा. पश्चिम बंगालचा बीरभूम आणि राजस्थानचा उदयपूर हे त्यांचे जिल्हे. प्रमुखपद कुठे राखीव व्हायचे ते गावाच्या मर्जीवर नव्हते, म्हणून राखीव आणि खुल्या पंचायतींची तुलना रास्त ठरली. बाई प्रमुख असलेल्या पंचायतींनी दोन्हीकडे पिण्याच्या पाण्यावर जास्त काम केले. रस्त्यांचे काम मात्र बीरभूममध्ये वाढले, उदयपूरमध्ये घटले, कारण बीरभूमच्या बायका रस्ते मागत होत्या, उदयपूरमध्ये ती मागणी पुरुषांची होती. 'बायकांचे विषय' ठरलेले असतात, असे आपल्यातही म्हटले जाते. ते इथे टिकत नाही.

मुंबईचे उदाहरण अधिक जवळचे. महापालिकेचे जे वॉर्ड 1997 मध्ये महिलांसाठी राखीव होते आणि 2002 मध्ये खुले झाले, तिथे बाई निवडून येण्याची शक्यता, आधीही राखीव नसलेल्या वॉर्डांच्या सुमारे पाचपट निघाली. रिखिल भावनानी यांचा हा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. आरक्षण उठले की बायका घरी जातील, असे म्हणणाऱ्यांना हे दाखवावे.

आमची पाहणी छापली असती तर याच लोकांनी ती हातात घेतली असती. 2011 मध्ये राज्यात निम्म्या जागा मिळाल्या, तेव्हापासून 'बायका नावालाच' हे वाक्य किती तोंडांतून ऐकले! त्याला संघटनेचाच शिक्का मिळाला असता.

फॉर्म आता नव्याने लिहितो आहोत. तोच फॉर्म पुरुष सरपंचांनाही द्यायचा. 2017 पासून सरपंच थेट जनतेतून निवडला जाऊ लागला, 2020 मध्ये ते रद्द झाले, 2022 मध्ये पुन्हा आले. सदस्यांतून आलेली बाई आणि थेट निवडून आलेली बाई यांना एका ढिगात घालायचे नाही. गावे निवडताना नदीकाठची आणि कोरडवाहू वेगळी ठेवायची.

पुरुष सरपंच 'सही करण्याआधी कुणाला विचारता' याचे उत्तर देतील का, यावर बैठकीत बराच वाद झाला. काहीजणी म्हणाल्या, ते रागावतील. रागावले तर तेही फॉर्मवर लिहून आणा.