खरखरीची कैफियत

यंदाच्या स्नेहसंमेलनात मी इलेक्ट्रिक गिटार वाजवली आणि ती फसली, हे आपणांपैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. पहिल्याच सुरावटीला सभागृहात असा आवाज झाला, की गांधीलमाश्यांचे पोळे उठले असावे! विंगेत परतल्यावर मला दोन अभिप्राय मिळाले. एक सर आपुलकीने म्हणाले, "अरे, तुमचा स्पीकर फाटलेला दिसतोय. आधी सांगितलं असतंस तर बदलून मागवला असता." दुसरा अभिप्राय एका मित्राचा : "दोन हजारांची पेटी घेतल्यावर आणखी काय होणार? आधी चांगली घे, मग स्टेजवर चढ!"

दोघांचाही हेतू चांगला होता आणि दोघांचेही चुकले होते. ते कसे, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

ही पेटी म्हणजे ओव्हरड्राइव्ह. तळहातावर मावेल एवढी, पायाने दाबायची, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी. गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या मध्ये ती जोडतात. तिला बटणे तीन : ड्राइव्ह, टोन आणि लेव्हल. गिटारकडून आलेली बारीकशी विद्युत्‌लहर ती आधी वाढवते. मग एका ठराविक उंचीच्या पलीकडे गेलेले लहरीचे माथे डायोड नावाचे दोन इवलेसे भाग दाबून धरतात. टोकदार सुळक्याचा माथेरानसारखा सपाट माथा व्हावा, तसे त्या लहरीचे होते. माथा सपाट झाला, की मूळ स्वराबरोबर त्याचे वरचे उपस्वर जागे होतात. आवाज जाड होतो, किंचित खरखरतो आणि स्वर अधिक वेळ टिकून राहतो.

आता सरांचा मुद्दा घेऊ. फाटलेला आवाज म्हणजे बिघाड, असे त्यांचे म्हणणे. इतिहास पाहिला तर त्यात निम्मे सत्य आहे. हा आवाज खरोखरच बिघाडातून जन्मला. 1951 सालच्या 'रॉकेट 88' या गाण्यात गिटारचा जो भरडा आवाज आहे, तो प्रवासात इजा झालेल्या अ‍ॅम्प्लिफायरचा, असे सांगतात. 1958 साली लिंक रे या वादकाने आपल्या स्पीकरच्या कागदाला पेन्सिलीने भोके पाडली. 1964 साली 'द किंक्स'च्या डेव्ह डेव्हिस याने लहानशा अ‍ॅम्प्लिफायरचा कागद पात्याने चिरला. ही काही श्रीमंतांची चैन नव्हती. हाताशी होते तेच साहित्य मोडून-तोडून त्यातून हवा तो स्वर काढणे होते. पुढे हे काम पेट्या करू लागल्या. 1979 साली जपानमध्ये सुसुमु तामुरा यांनी आखलेली 'ट्यूब स्क्रीमर' ही त्यांतली सर्वांत नावाजलेली.

पण म्हणून ही खरखर परकी ठरते का? मला तसे वाटत नाही. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावतात, ती कशासाठी? दोरा काढा, स्वर स्वच्छ येईल, पण मुका येईल. दोरा जागेवर बसला, की तार घोडीला हलकेच घासते, झंकार उठतो आणि कोणी न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येऊ लागतो. मिरजेच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली विद्या म्हणजे शेवटी ही 'योग्य खरखर'च नव्हे काय? तंत्र निराळे आहे, हे मान्य. पण स्वराला किंचित अशुद्ध करून अधिक भरदार करायचे, ही इच्छा एकच. गोंधळ्याचे तुणतुणे ऐका. ते गुळगुळीत वाजू लागले तर गोंधळ उभा राहील का?

फार लांब जायलाही नको. आपल्या कर्जत-खालापुरात लग्नाची वरात बेंजोशिवाय निघत नाही. हे वाद्य मूळचे जपानी; 1912 साली नागोया शहरात ते तयार झाले. तिथून आपल्याकडे येऊन ते बुलबुलतरंग झाले, त्याला पिकअप बसला आणि भोंग्यातून ते हळदीच्या मांडवात वाजू लागले. बेंजोच्या त्या चिरक्या, फाटक्या स्वराने आपल्या अंगात येते, पाय थांबत नाहीत. आणि तीच मंडळी गिटार खरखरली, की कानावर हात ठेवतात! बेंजोपार्टीतल्या वादकाला वादक म्हणायला आपण कचरतो, तेही याच सवयीने. आपल्या कानांना आवडते काय आणि आवडल्याचे कबूल करायला लाज वाटते काय, याचा हिशेब एकदा मांडायला हवा.

आता मित्राचा मुद्दा. हा मला अधिक लागला. खोपोली लोकलमध्ये लौजी, डोळवली, केळवली, पळसदरी अशी स्टेशने मागे पडत होती आणि मी मनात पैसे जुळवत होतो. शेवटी त्यालाच म्हटले, "तुझी भारीतली पेटी एक दिवस दे." त्याने ती दिलदारपणे दिली. त्याच सभागृहात, त्याच मिक्सरला आम्ही ती जोडली. पुन्हा तेच गांधीलमाश्यांचे पोळे! मग माझी स्वस्त पेटी गिटारच्या एका छोट्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडली, तर आवाज गोड भरड आला.

कारण साधे होते. गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरचा स्पीकर सुमारे पाच हजार हर्ट्‌झच्या वरचे स्वर फारसे बाहेर सोडतच नाही. पेटीने जागे केलेले तीक्ष्ण उपस्वर तो गाळून टाकतो. स्नेहसंमेलनात आम्ही पेटी थेट मिक्सरला लावली होती आणि सभागृहाचे स्पीकर सर्व काही इमानेइतबारे ओकत होते. शिवाय मी ड्राइव्हचे बटण शेवटपर्यंत पिळून तीन-चार स्वरांचे भरगच्च कॉर्ड वाजवले होते. एवढ्या ड्राइव्हवर सा आणि प सुखाने नांदतात. त्यांत गंधार मिसळला, की स्वर एकमेकांवर आदळून चिखल होतो. चूक माझ्या अज्ञानाची होती आणि तिची शिक्षा मी पेटीच्या किमतीला देत होतो.

कर्जतला पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना मागून बँकर इंजिने जोडतात, हे आपण रोज पाहतो. घाटात 37 फुटांना एक फूट असा चढ आहे. तिथे मागून रेटा लागतो. घाट चढला, की बँकर सुटतात. ओव्हरड्राइव्हचे काम असेच मागून रेटण्याचे. तो रेटा देणारी 4558 जातीची चिप लॅमिंग्टन रोडवर अगदी किरकोळ पैशांत मिळते. नावाजलेल्या पेटीतही त्याच जातीची चिप असते. रेटा मिळतो, पण गाडी मात्र आपली आपणच आणावी लागते. बोटे बेतालच असतील तर वीस हजारांची पेटी तो बेतालपणा अधिक मोठ्याने ऐकवील, एवढेच.

स्वस्तात दोष नसतात, असे मी म्हणणार नाही. माझ्या पेटीचा डबा प्लास्टिकचा आहे, तिचे पायबटण कुरकुरते आणि हलका अ‍ॅडॅप्टर लावला तर ती गुणगुणते. रोज कार्यक्रम करणाऱ्याने पत्र्याची, मजबूत पेटी जरूर घ्यावी. पण शिकणाऱ्याला तिचा एक मोठा उपकार आहे. पूर्वी असा आवाज काढायचा, तर अ‍ॅम्प्लिफायर शेवटपर्यंत चढवावा लागे. निवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे, आणि दोन खोल्यांच्या घरात कायद्याच्या आधी आईच येते! पेटीमुळे तोच आवाज हळू, दार लावून, अभ्यास करणाऱ्या भावंडाला न उठवता काढता येतो.

मित्रांनो, माझे भांडण गिटारपुरते नाही. 'आधी चांगली वस्तू घे, मग शीक' हे वाक्य आपल्या भागात किती मुलामुलींना गप्प बसवत असेल! पैसे जमेपर्यंत उमेद सरते, आणि आपल्यात कला नव्हतीच, अशी समजूत करून घेऊन ती कामाला लागतात. म्हणून आमच्या प्राध्यापकांना विनंती, की पुढच्या स्नेहसंमेलनात गिटारसाठी एक लहान अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याच्यासमोर एक माईक एवढी सोय करावी. पेटी मी माझीच आणीन. ती दोन हजारांचीच असेल.