रानाची ओळख नावापासून

पैनगंगा अभयारण्य यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांच्या सीमेवर, पैनगंगेच्या काठी पसरले आहे. साग हे तिथले मुख्य झाड. पण रान म्हणजे केवळ साग नव्हे. मोह, तेंदू, धावडा, बेहडा आहेत आणि त्यांच्या पायाशी पावसाळ्यात उगवून हिवाळ्यात वाळून जाणाऱ्या कितीतरी लहान वनस्पती. म्हणूनच अशा रानाची पाहणी एका फेरीत होत नाही. प्रत्येक ऋतूत त्याच वाटेने पुन्हा जावे लागते.

अशा चिकाटीतूनच डॉ. व्ही. एन. नाईक यांचा 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' हा दोन खंडांचा ग्रंथ १९९८ साली झाला. पद्धत साधी आहे. फुलासह फांदी जुन्या वर्तमानपत्रात दाबून वाळवायची, जाड कागदावर चिकटवायची; शेजारी ठिकाण, तारीख, फुलाचा रंग आणि स्थानिक नाव लिहायचे. वाळल्यावर रंग उडतो, म्हणून तो जागेवरच टिपायचा.

आम्हाला काळजी वाटते ती शेवटच्या रकान्याची. शास्त्रीय नाव ग्रंथात मिळेल. स्थानिक नाव मात्र किनवटच्या गोंड, कोलाम, बंजारा वडीलधाऱ्यांच्या तोंडी आहे. ती माणसे गेली की नाव गेले, आणि नावासोबत त्या पाल्याचा उपयोगही.

कुरआन सांगते, अल्लाहने हजरत आदम (अलै.) यांना नावे शिकविली (२:३१). या शिकवणीची कदर आपल्या पूर्वजांना होती. नवव्या शतकात अबू हनीफा दीनवरी यांनी 'किताबुन्नबात' लिहिताना अरबांच्या बोलीतील वनस्पतींची नावे जपून ठेवली. आपल्या हकिमांचे 'इतरिफल' हे तर आपल्याच 'त्रिफळा'चे रूप. हिरडा, बेहडा, आवळा तेच. नाव मात्र देश ओलांडून गेले आणि नवा उच्चार घेऊन परतले.

वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या आमच्या मुलामुलींनी या कामात उतरावे. अभयारण्यात अभ्यासासाठी वनखात्याची परवानगी घ्यावी. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिथून रोप उपटून आणता येत नाही. पण वडिलांच्या शेताचा बांध, कब्रस्तानची कड, गावओढा इथे कोण अडवणार? एक वही करा, नानी-दादींना विचारा, त्या सांगतील ते नाव त्यांच्याच उच्चारात लिहा. लावलेल्या झाडाचे फळ पाखराने खाल्ले तरी तो सदका ठरतो, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. झाड लावण्याइतकेच, असलेले झाड ओळखून जपणे हीही आपली जबाबदारी आहे.