दुसरी बाटली कोण घेतं?

कॅम्पा कोला मार्च २०२३ मध्ये पुन्हा बाजारात आली, तेव्हा बहुतेक बातम्यांचा सूर एकच होता: एका पिढीचं बालपण परत आलं. बातमीला इतिहासाची जोडही होती. १९७७ मध्ये कोका-कोलानं भारत सोडला आणि तिच्याच बाटल्या भरणाऱ्या प्युअर ड्रिंक्सनं कॅम्पा काढली. नव्वदीच्या दशकात परदेशी पेयं परतली, तशी ती दुकानांतून हळूहळू दिसेनाशी झाली. मुंबईकरांच्या कानावर हे नाव त्यानंतरही पडत राहिलं ते वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमधल्या बेकायदा मजल्यांमुळे, म्हणजे चवीशी काडीचा संबंध नसलेल्या कारणानं. रिलायन्सनं २०२२ मध्ये हे नाव विकत घेतलं. सौदा सुमारे २२ कोटी रुपयांचा असल्याचं छापून आलं, आणि २०२४-२५ या आर्थिक वर्षात कॅम्पाची विक्री एक हजार कोटींच्या वर गेल्याचं सांगितलं गेलं. जाहिरातक्षेत्रातल्या मंडळींना यात एक सोपा धडा दिसला: लोकांच्या आठवणी फुकट पडून आहेत, त्यांना हात घाला, माल आपोआप खपेल. मला हा धडा अर्धाच खरा वाटतो. आठवण ग्राहकाला दुकानापर्यंत आणते, पहिली बाटलीही घ्यायला लावते. दुसरी बाटली तो वेगळ्याच कारणानं घेतो, आणि धंदा त्या दुसऱ्या बाटलीवर चालतो.

कॅम्पाचंच बघा. १९८५ मध्ये दहा वर्षांचा असलेला मुलगा आज पन्नाशीला पोचला आहे आणि साखरेचं पेय डॉक्टरांना विचारून पितो आहे. तो हजार कोटींची विक्री करून देणार नाही. ती करून देतो कॉलेजातला, क्लासला जाणारा, बांधकामावर दुपारच्या सुट्टीत टपरीवर येणारा तरुण, ज्यानं जुनी कॅम्पा पाहिलेलीही नाही. त्याच्यासमोर २०० मिलिलिटरची बाटली दहा रुपयांना ठेवली गेली आणि दुकानदाराला इतरांपेक्षा जास्त मार्जिन दिलं गेलं. या किमतीमुळे प्रतिस्पर्ध्यांनाही दहा रुपयांच्या बाटलीकडे नव्यानं वळावं लागलं. जुन्या नावानं काम केलं ते इतकंच, की पहिल्या दिवशी फुकट प्रसिद्धी मिळाली आणि पेय अगदीच अनोळखी वाटलं नाही. हे काम लहान नाही. पण ते २२ कोटींचंच काम होतं, हजार कोटींचं नव्हे.

आठवणीत ताकदच नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर या अमेरिकी अभ्यासकांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरनिराळ्या वयाच्या लोकांना निरनिराळ्या दशकांतली गाजलेली गाणी ऐकवली होती. माणसाला सर्वांत आवडणारी गाणी निघाली ती तो साधारण चोविशीत असताना गाजलेली. पुढे २०१४ मध्ये लासालेटा, सेडिकिडीस आणि व्होस यांनी प्रयोगांतून दाखवलं की जुन्या दिवसांत रमलेला माणूस पैशाला कमी चिकटतो आणि वस्तूसाठी जास्त मोजायला तयार होतो. विक्रेत्याला याहून गोड बातमी कोणती असणार? पण या दुसऱ्या अभ्यासात मोजली गेली ती त्या घडीची मनःस्थिती. भारावून जास्त पैसे मोजलेला माणूस पुढच्या महिन्यात परत आला का, हा तिथला प्रश्नच नव्हता. दुकानदाराचा मात्र तोच प्रश्न असतो.

याचं उत्तर शोधायला पुण्याहून लांब जावं लागत नाही. बजाज चेतक १९७२ मध्ये आली. परवाना राज्यात तिच्यासाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. १९८९ च्या ‘हमारा बजाज’ मोहिमेनं ती मध्यमवर्गीय घराची ओळखच होऊन बसली, आणि वीस वर्षांनी, २००९ च्या अखेरीस, कंपनीनं स्कूटर बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. जानेवारी २०२० मध्ये चेतक हे नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरला देण्यात आलं आणि विक्री सुरू झाली ती पुणे आणि बंगळुरू या दोन शहरांत. आठवणीच्या हिशेबानं पुण्याइतकी अनुकूल बाजारपेठ देशात दुसरी नसेल. तरीही पहिली काही वर्षं विक्री किरकोळच राहिली. कोविड होता, सुट्या भागांची टंचाई होती, हे मान्य. पण गाडी लाखाच्या घरात होती आणि विक्री केंद्रं मोजकी होती, हेही तितकंच खरं. जून २०२४ मध्ये लाखाच्या आतलं मॉडेल आलं, विक्रेत्यांचं जाळं पसरलं, डिसेंबरात नवी मालिका आली, आणि त्याच महिन्यात नोंदणीच्या आकड्यांत चेतक देशातल्या विजेच्या स्कूटरांमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. २०२० मध्ये आणि २०२४ मध्ये नाव तेच होतं, आठवणीही त्याच होत्या. बदलली ती किंमत, दुकानं आणि गाडी. नाव हेच खरं इंजिन असतं, तर ती पहिल्याच वर्षी धावायला हवी होती.

जावाची गोष्ट उलट्या बाजूनं हेच सांगते. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात साठच्या दशकापासून तयार होणारी ही मोटरसायकल आणि तिची पुढची येझदी १९९६ मध्ये कारखान्याबरोबर बंद पडली. महिंद्रा समूहाच्या पाठबळावर उभ्या राहिलेल्या क्लासिक लेजंड्स या कंपनीनं नोव्हेंबर २०१८ मध्ये जावा पुन्हा आणली, तेव्हा सप्टेंबर २०१९ पर्यंतचा माल संपल्याचं सांगून महिन्याभरातच ऑनलाइन बुकिंग थांबवावं लागलं. आठवणीचा जोर इतका होता. पण गाडी हातात पडायला महिनोन् महिने लागले आणि तोवर उत्साह ओसरला. जुन्या काळाची आठवण विकताना जुन्या काळासारखी प्रतीक्षा यादीही मिळाली, असं कुणी म्हटलं तर त्याला खोडसाळ म्हणता येणार नाही. याच काळात बाजार ताब्यात ठेवला तो रॉयल एनफिल्डनं. १९५५ पासून मद्रासशी जोडली गेलेली ही गाडी बंद पडून परत आलेली नाही, ती सतत बनत राहिली, आणि तिनं २००९ मध्ये केलेली गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. क्लासिक ३५० या मॉडेलचं रूप पन्नाशीच्या दशकातलं ठेवलं, आतलं इंजिन मात्र नवं घातलं. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असे. तोही इतर गाड्यांसारखा करून टाकला. आवाज पूर्वीसारखा राहिला नाही, अशी तक्रार जुन्या शौकिनांनी केली. पण तक्रार करणारे आधीच एक गाडी बाळगून होते. नवी गाडी घेणाऱ्याला रूप जुनं हवं होतं, तेल गळणं नको होतं.

यावर एक आक्षेप असा येईल, आणि तो वजनदार आहे: मोती साबणाचं काय? आधी टाटा ऑइल मिल्सचा आणि नव्वदीच्या दशकातल्या विलीनीकरणानंतर हिंदुस्तान लिव्हरकडे गेलेला हा साबण महाराष्ट्रातली असंख्य घरं वर्षातून एकदाच आठवतात. वर्षभर दुसरा साबण वापरणारं कुटुंब नरकचतुर्दशीला मोतीची डबी फोडतं. इथे आठवण दरवर्षी विकली जाते, एकदाच नव्हे. मग माझं म्हणणं खोटं ठरत नाही का? मला तसं वाटत नाही, कारण मोती विकतो तो निव्वळ भूतकाळ नाही. पहाटेचं अभ्यंगस्नान, तेल, उटणं हा जिवंत रिवाज आहे, त्याला पंचांगातली ठरलेली तिथी आहे आणि घरातलं सहा वर्षांचं मूल आज त्या वासाची स्वतःची आठवण तयार करत आहे. साबण त्या रिवाजाचा भाग झाला आहे. दुसऱ्या खरेदीचं कारण इथे रिवाज पुरवतो, आणि हे कारण पैसे टाकून विकत घेता येत नाही. कॅम्पाला अशी तिथी नाही.

रिवाज नसेल तर सोय हवी. सारेगामानं २०१७ मध्ये काढलेला कारवां हा पाच हजार जुनी हिंदी गाणी आत भरलेला संच म्हणूनच चालला. पुढे त्याची मराठी आवृत्तीही आली. दिसायला तो जुन्या रेडिओसारखा होता, पण खप झाला त्यामागे एक अगदी आजची अडचण होती. आईवडिलांना मोबाइलवर गाणं शोधता येत नव्हतं, आणि पुण्या-मुंबईत किंवा परदेशात नोकरी करणाऱ्या मुलांना त्यांना काहीतरी द्यायचं होतं. बटण दाबलं की गाणं, इंटरनेटची गरज नाही. त्याच वर्षी नोकिया ३३१० हा फोन नव्या अवतारात भारतात आला आणि किंमतही हौसेनं ३,३१० रुपये ठेवली गेली. पण तो टूजी फोन होता, आणि आदल्या सप्टेंबरात सुरू झालेलं जिओचं जाळं फक्त फोरजीचं होतं. देशातलं सर्वांत चर्चेतलं सिमकार्ड त्या फोनमध्ये चालतच नव्हतं. आठवणीचा गहिवर म्हणून लोकांनी तो हातात घेतला, हसले आणि ठेवून दिला.

आता जरा अडचणीच्या मुद्द्याकडे. जाहिरातीतली आठवण नेहमी कुणाची तरी असते, आणि ती सगळ्यांची असल्यासारखी विकली जाते. महाराष्ट्रातल्या कुठल्याही महामार्गावर निघा, ‘चुलीवरची मिसळ’, ‘चुलीवरचं मटण’, हल्ली तर ‘चुलीवरचा चहा’ अशा पाट्या लागतात. चुलीची चव आठवते ती पाटावर बसून जेवणाऱ्याला. फुंकणी घेऊन ओल्या लाकडांशी झगडणाऱ्या बाईला आठवतो तो धूर. सरकारनं २०१६ मध्ये उज्ज्वला योजना काढली ती याच धुरातून तिला बाहेर काढण्यासाठी, आणि आपण सुट्टीच्या दिवशी जादा पैसे देऊन त्याच धुराकडे निघालो आहोत. चुलीवरचं जेवण चविष्ट नसतं असं माझं म्हणणं नाही. इतकंच, की या पाट्या ज्या आठवणीवर उभ्या आहेत तिच्यात स्वयंपाकघराची अर्धी बाजू गाळलेली आहे. ती गाळलीच पाहिजे असंही नाही. कॅडबरीनं २०२१ मध्ये आपली नव्वदीच्या दशकातली क्रिकेटची जाहिरात पुन्हा केली. जुन्या जाहिरातीत फलंदाज तरुण होता आणि मैदानात नाचत धावणारी त्याची मैत्रीण. नव्यात षटकार मारणारी मुलगी झाली आणि नाचत आला तो मुलगा. धून तीच, आठवण तीच, पण तिच्यातली चूक दुरुस्त केलेली. ज्यांनी मूळ जाहिरात पाहिली होती त्यांना गंमत कळली, आणि ज्यांनी पाहिली नव्हती त्यांनाही पाहण्यासारखं काही मिळालं.

जे जुना काळ जगलेच नाहीत, त्या तरुणांनाही जुन्याची ओढ वाटते, तेव्हा आठवण खरी असण्याची गरजच काय, असं कुणी विचारेल. ओढ वाटते, हे खरंच. पण ती येते कुठून, हे तपासायला हवं. कॅथरिन ब्राउन, ऱ्हिॲनन एलिस आणि एलिझाबेथ लॉफ्टस यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना डिस्नेच्या बागेची एक बनावट जाहिरात दाखवली होती. तिच्यात बग्ज बनी हा ससा होता. ती पाहिल्यावर आपण लहानपणी त्या बागेत बग्जला भेटलो होतो, असं काहींना वाटू लागलं. बग्ज हे वॉर्नर ब्रदर्सचं पात्र आहे, डिस्नेच्या बागेत तो भेटणं शक्यच नव्हतं. म्हणजे जाहिरात आठवण नुसती चाळवत नाही, ती तयारही करू शकते. न जगलेल्या काळाची ओढ ही बरीचशी अशी, बाजारानंच पुरवलेली असते, आणि बाजारानं दिलेली आवड बाजार पुढच्या हंगामात बदलतोही. तिच्यावर वर्षानुवर्षं चालणारा कारखाना उभारणं धाडसाचं आहे.

हा सगळा प्रकार सर्वांत जास्त चालतो आणि सर्वांत कमी तपासला जातो तो खाण्याच्या पाकिटांवर. चकली, भाजणी, मेतकूट, लोणचं, गोडा मसाला: प्रत्येकावर नऊवारीतली आजी, खाली पाटा-वरवंटा. हे विकणाऱ्यांत खरोखर घरगुती पद्धतीनं काम करणारे बचतगट आहेत आणि दिवसाला टनांनी माल काढणारे कारखानेही आहेत. पाकिटाची पुढची बाजू दोघांची सारखीच असते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या जाहिरात आणि दाव्यांविषयीच्या नियमांत ‘ट्रॅडिशनल’, ‘ओरिजिनल’ हे शब्द कधी वापरता येतील याच्या अटी आहेत, आणि ‘होम मेड’सारख्या दिशाभूल करणाऱ्या शब्दांना मनाई आहे. चित्रातल्या आजीबद्दल मात्र कुणी काही विचारत नाही. तेव्हा पहिलं पाकीट आजीकडे बघून घेतलं असेल तर हरकत नाही. दुसरं घेण्याआधी ते उलटं करून बघा. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमानं छापण्याचं बंधन आहे, आणि पहिली तीन नावं वाचायला अर्धं मिनिटही लागत नाही.