डबा संपला का?

संध्याकाळी कुठल्याही पाळणाघराच्या दारात एक प्रश्न हमखास ऐकू येतो : 'ताई, डबा संपला का?' विचारणारी दमलेली असते, उत्तर देणारीही दमलेली असते. प्रश्न मायेचाच आहे. पण पाळणाघरांत मुलांना जे कोंबून भरवलं जातं, त्याच्या मुळाशी बऱ्याचदा हाच प्रश्न असतो असं माझं मत आहे. डबा रिकामा तर ताई चांगली, डबा उरला तर तिचं लक्ष नाही, असा हिशेब एकदा ठरला की ती काय करणार? मूल तोंड फिरवतं, ती गाल दाबून घास सारते. नाहीतर समोर मोबाईल धरते. डबा संपतो, सगळे खूष. मुलाला कुणी विचारत नाही.

गेल्या काही वर्षांत शहरातल्या बऱ्याच आया बाळाला सहा महिने पूर्ण झाले की चमच्याने भरवण्याऐवजी हातात धरता येईल असं मऊ अन्न त्याच्यापुढे ठेवतात. उकडलेलं रताळं, लाल भोपळ्याची फोड, पिकलेलं केळं, इडली, मऊ खिचडीचा मुटका. काय खायचं आणि किती, हे मूल ठरवतं. ब्रिटनमधल्या आरोग्यसेविका जिल रॅप्ले यांनी ही पद्धत मांडली आणि 2008 साली ट्रेसी मर्केट यांच्याबरोबर त्यावर पुस्तक लिहिलं. म्हणून आपल्याकडे काहीजणी 'हे परदेशी फॅड' म्हणून नाक मुरडतात. पण रांगत्या पोराच्या हातात भाकरीचा तुकडा देणं आपल्या कुठल्या घराला नवीन आहे? नवी आहे ती दुसरीच गोष्ट. मुलाने 'नको' म्हटलं की ते मानायचं, ही.

आणि नेमकी तीच गोष्ट पाळणाघरात अडते. कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते, त्यातली 8 आठवड्यांपर्यंतची बाळंतपणाआधी घेता येते. म्हणजे उष्टावण होतं न होतं तोच बाई कामावर हजर. मूल शनिवार-रविवारी घरी स्वतःच्या हाताने खातं आणि सोमवारपासून चमचा. मग सासूबाई म्हणतात, 'कशाला हे थेर?' आई स्वतःला दोष देते आणि प्रयोग सोडून देते. ही झाली रजा मिळणारीची गोष्ट. धुणीभांडी करणारीला, बांधकामावर जाणारीला ही रजा प्रत्यक्षात मिळतच नाही. तिचं मूल मोठ्या बहिणीच्या कडेवर असतं आणि त्या बहिणीची शाळा बुडते.

मैत्रिणींनो, यात पाळणाघराच्या ताईला आरोपी करणं सोपं आहे, पण ते चूक आहे. तीही आपल्यासारखीच कष्टकरी बाई आहे, बहुधा आपल्याहून कमी पगारावर. एका बाईकडे दहा मुलं असतील आणि प्रत्येकाला भरवायला दहा मिनिटं धरली, तरी शंभर मिनिटं झाली. शेवटच्या मुलाचा घास थंडगार. उलट दहाही मुलं सतरंजीवर गोल करून बसली आणि आपापल्या हाताने खाऊ लागली, तर एकमेकांचं बघून शिकतात आणि ताईला सगळ्यांवर नजर ठेवता येते. सांडलवंड होणारच. म्हणून पुसायला हात हवेत, पाणी हवं, जोडीला मदतनीस हवी. आणि 'सांडलं तरी चालेल, उरलं तरी चालेल' असं आईबापांनी तोंडाने सांगायला हवं. त्या एका वाक्याने ताईच्या डोक्यावरचा निम्मा भार उतरतो.

आईबापांनी मूल ठेवण्यापूर्वी एकदा ताईबरोबर बसून बोलावं. घरी मूल कसं खातं ते दाखवावं. डब्यात बोटभर लांबीच्या, दोन बोटांत दाबल्या तर मोडतील इतक्या मऊ फोडी द्याव्यात. डाळ, अंडं, हिरव्या पालेभाजीचं मऊ धिरडं असं लोह देणारं काही रोज असावं. मीठ-साखर नको आणि वर्षाच्या आत मध मुळीच नको. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, सुक्या खोबऱ्याचा तुकडा, अख्खं द्राक्ष, कच्चं गाजर डब्यात नको, कारण ते घशात अडकू शकतं. मूल ताठ बसलेलं हवं आणि खाताना मोठं माणूस जवळ हवं. घास पुढे गेला तर मूल उबळ येऊन तो बाहेर काढतं, त्याला घाबरायचं नाही. पण आवाज न होता श्वास कोंडला तर काय करायचं, याचं प्रशिक्षण प्रत्येक ताईला मिळालंच पाहिजे.

चमच्याला बंदी नाही, हेही सांगायला हवं. दिवस भरण्याआधी जन्मलेलं, वजन न वाढणारं किंवा आजारातून उठलेलं मूल असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने भरवावंच लागतं, मात्र त्याच्या कलाने, थांबून थांबून. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) देशातल्या 6 ते 23 महिन्यांच्या मुलांपैकी जेमतेम 11 टक्के मुलांना पुरेसा आहार मिळतो. ताटात अन्नच नसेल तर हाताने खा म्हणण्याला अर्थ नाही.

म्हणून हा प्रश्न एकट्या आईच्या हौसेचा नाही. 2017 च्या दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचं केलं आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा दिली. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आहेत. आपल्यापैकी किती जणींच्या कामाच्या जागी त्या प्रत्यक्षात आहेत? सरकारच्या पाळणा योजनेत 25 मुलांच्या केंद्राला एक सेविका आणि एक मदतनीस. एवढ्या हातांत 'नको' ऐकायला सवड कुठून येणार? आणि डबा भरायला, ताईशी बोलायला बाप कुठे असतो?

आपल्या मंडळांनी वस्तीतल्या पाळणाघरांच्या ताया आणि पालक यांची एक एकत्र बैठक घ्यावी. ताईचा पगार, मुलांमागे हात किती आणि जेवणाची पद्धत, हे तिन्ही विषय एकाच कागदावर मांडावेत, कारण ते एकमेकांत गुंतलेले आहेत. मुलीच्या नकाराला मान मिळावा म्हणून आपण इतकी वर्षं झगडतो आहोत. तो मान तिला आठव्या महिन्यात, भोपळ्याची फोड बाजूला सारताना मिळाला, तर मोठेपणी तिला तो नव्याने मागावा लागणार नाही.